बिळातला टेरियर, माळावरचा कारवानी

आमच्या महादेवपुऱ्यात संध्याकाळी सोसायट्यांच्या फाटकाबाहेर पट्टा ताणत जाणारा एखादा जॅक रसेल हमखास दिसतो. पांढरा, ठेंगणा, क्षणभर स्वस्थ न बसणारा. मालक म्हणतात, फार हायपर आहे. अहो, तो कामावर निघालाय, काम सापडत नाही एवढंच!

टेरियर या नावातच ‘टेरा’ आहे, म्हणजे जमीन. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात जॉन रसेल (१७९५–१८८३) नावाचे पाद्री होते, शिकारीचे भारी नादी. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका गवळ्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री घेतली. तिच्यापासून हा वंश चालला. कोल्हा बिळात शिरला की मोठे शिकारी कुत्रे बाहेर अडायचे आणि हा आत घुसायचा. कोल्ह्याला मारायचं नाही, भुंकून बाहेर काढायचं, म्हणजे पाठलाग पुढे चालू. म्हणून याची छाती माणसाच्या दोन पंजांत मावेल एवढीच. रंग पांढरा, कारण तपकिरी असता तर बाकीच्यांनी कोल्हा समजून यालाच फाडलं असतं. पलटणीच्या भाषेत, आधी टास्क ठरला, मग शिपाई घडला.

हीच फूटपट्टी आपल्या कारवानीला लावा. लातूर-सोलापूरपासून विजापूर-बागलकोटपर्यंत उघडा माळ. आपला रानससा बीळ करत नाही, पळून जीव वाचवतो. तेव्हा इथे बिळात शिरणारा काय कामाचा? इथे नजर हवी आणि धाव हवी. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला टेकलेलं पोट, सगळं त्यासाठीच. दिवसा ससा, रात्री मेंढवाड्याची राखण. पश्चिम आशियातल्या काफिल्यांबरोबर याचे पूर्वज आले असं मानतात, नाव तेच सांगतं.

मुधोळच्या घोरपडे राजांनी, विशेषतः मालोजीरावांनी, ही जात निगुतीनं सांभाळली. पंचम जॉर्जला त्यांनी जोडी भेट दिल्याचं तिथे आजही अभिमानानं सांगतात. म्हणून ‘मुधोळ हाउंड’. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरात मात्र ‘कॅरॅव्हान हाउंड’. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकारही संपली. कायदा योग्यच, पण या कुत्र्याची नोकरी गेली, हेही खरं. २००५ साली टपाल खात्यानं तिकीट काढलं. छान झालं, पण तिकिटानं कुणाला काम मिळत नाही.

२०१६ मध्ये मुधोळची पिल्लं मेरठला रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली. तिथे सद्दी लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डची. सुरुंग हुंगायला शांत नाक लागतं. याची ताकद डोळ्यांत आणि पायांत. मला विचाराल तर याला स्फोटकं शोधायला बसवू नये. लांबलचक कुंपण, उघडं मैदान आणि पहाटेची गस्त द्यावी.