छापील प्रबंधाची अट

कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र एकत्र नांदत. पीएच.डी.साठी प्रबंध मान्य होणे तेथे पुरेसे नव्हते. तो छापून त्याच्या प्रती दाखल कराव्या लागत. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली तेथे गेलेल्या आंबेडकरांनी १९१५ मध्ये एम.ए. मिळवली, मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जातिसंस्थेवरील निबंध वाचला. विद्वत्तेची कसोटी उतरली होती. उरली होती छपाईची. ज्ञान सर्वांपुढे यावे, हा नियमाचा हेतू उदात्तच. पण तो भार विद्यार्थ्याच्या खिशावर का, हे मला आजही उमगत नाही. प्रांतिक अर्थव्यवहारावरील तो ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग यांनी १९२५ मध्ये काढला. पदवी आली १९२७ मध्ये, लंडनच्या डी.एस्सी.नंतर चार वर्षांनी.