कॅन्सरच्या उपचारांनंतर आजी-आजोबांनी नुसता आराम करायचा की व्यायाम? खुर्चीवरचा योग आणि ताई ची कशी मदत करतात?

केमो संपते, रिपोर्ट चांगले येतात आणि घरातले सगळे एकच गोष्ट सांगतात, 'आता काही करू नका, फक्त आराम करा.'

हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो. पण सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला तो महागात पडू शकतो. काही आठवड्यांतच खुर्चीतून उठायला हाताचा आधार लागतो, रात्री बाथरूमला जाताना भिंत धरावी लागते. कॅन्सर बरा होतो, पण माणूस पडण्याच्या भीतीने घरात अडकतो.

अशा ज्येष्ठांसाठी जिमपेक्षा सौम्य, श्वासाशी जोडलेले व्यायाम सोयीचे ठरतात. ते काय असतात आणि कसे करावेत?

फ्रेलिटी म्हणजे काय?

वयामुळे आणि आजारामुळे शरीराची राखीव ताकद संपत येते, या अवस्थेला डॉक्टर 'फ्रेलिटी' म्हणतात. साधा ताप किंवा छोटीशी पडझडही अशा माणसाला अंथरुणाला खिळवू शकते.

अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिची पाच लक्षणं मांडली: प्रयत्न न करता वजन घटणं, सतत थकवा, चाल मंदावणं, हाताची पकड सैल होणं आणि हालचाल कमी होणं. यातली तीन किंवा जास्त लक्षणं असतील तर ती फ्रेलिटी मानली जाते.

कॅन्सरनंतर ती का वाढते?

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिनसारख्या केमोच्या औषधांमुळे पायांच्या नसांना इजा होऊ शकते. तळवे बधिर होतात, मुंग्या येतात, पाऊल नीट पडलंय की नाही हेच कळत नाही.

स्टेरॉइडमुळे स्नायू आणि हाडं कमजोर होतात. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये दिली जाणारी काही हार्मोनची औषधंही हाडं ठिसूळ करतात. त्यात अंथरुणावर पडून राहिलं की मांड्यांची ताकद झपाट्याने जाते.

म्हणजे तोल जाण्याची शक्यता वाढते आणि पडल्यावर हाड मोडण्याचीही.

हे व्यायाम कोणते?

खुर्चीवरचा योग: खुर्चीत बसून किंवा तिची पाठ धरून केलेल्या हालचाली. हात वर नेणं, घोटे फिरवणं, एकेक गुडघा उचलणं आणि सोबत सावकाश श्वास. जमिनीवर बसायची-उठायची गरज नसते.

ताई ची: चीनमधल्या युद्धकलेतून आलेला संथ व्यायाम. शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर हळूहळू न्यायचा असतो, त्यामुळे तोल सांभाळण्याचा सराव होतो. त्याचा २४ हालचालींचा सोपा प्रकार १९५६ मध्ये चीनमध्ये तयार झाला.

चीगाँग: यात त्याच त्या सोप्या हालचाली पुन्हा पुन्हा करायच्या असतात. 'बादुआनजिन' या प्रकारात फक्त आठ हालचाली आहेत आणि त्या बसूनही करता येतात.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या ४१० जणांचा समावेश होता. चार आठवडे सौम्य योग करणाऱ्यांची झोप जास्त सुधारली आणि झोपेच्या गोळ्याही कमी लागल्या.

२०१७ च्या अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरनंतर निद्रानाश झालेल्या ९० महिला होत्या. त्यांच्यावर ताई चीचा परिणाम निद्रानाशासाठी दिल्या जाणाऱ्या मानसोपचारापेक्षा कमी पडला नाही.

पडण्याबाबत चित्र संमिश्र आहे. २०१८ मध्ये ७० वर्षांवरील ६७० ज्येष्ठांच्या अभ्यासात, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ताई चीच्या गटात पडण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होतं. पण हे सगळे कॅन्सरचे रुग्ण नव्हते. केमो घेतलेल्या ४६२ महिलांच्या २०२३ च्या अभ्यासात मात्र ताई ची, ताकदीचे व्यायाम आणि स्ट्रेचिंग या तीन गटांत पडण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही.

म्हणून ताई ची सुरू केली तरी घरातली निसरडी फरशी, अंधारा पॅसेज आणि सैल चपला यांच्याकडे लक्ष द्यावंच लागतं. हे व्यायाम कॅन्सर बरा करत नाहीत आणि औषधांची जागाही घेत नाहीत.

सुरुवात कशी करावी?

• आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावं. हाडांत कॅन्सर पसरला असेल, प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, हृदयाचा त्रास असेल तर हे फार महत्त्वाचं.
• शक्य असेल तर पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावं.
• खुर्ची जड आणि न घसरणारी हवी, भिंतीला टेकवलेली. चाकांची किंवा हलकी प्लास्टिकची नको.
• पाच मिनिटांपासून सुरुवात करावी. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करावा.
• पाय बधिर असतील तर उभं राहून करायच्या हालचालींच्या वेळी कुणीतरी शेजारी असावं.
• हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून खोल वाकणं आणि पाठीला पीळ देणं टाळावं.
• श्वास कोंडून धरू नये.

कधी थांबायचं?

छातीत दुखणं, चक्कर, अचानक धाप लागणं किंवा हाडात नवं दुखणं सुरू झालं तर लगेच थांबून डॉक्टरांशी बोलावं. ताप असेल त्या दिवशी व्यायाम नको.

फरक पडतोय हे कसं कळणार?

हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, ते मोजावं. मोजताना शेजारी कुणीतरी हवं. ७५ ते ७९ वयात पुरुषांचा आकडा ११ पेक्षा आणि महिलांचा १० पेक्षा कमी असेल तर पडण्याचा धोका जास्त मानला जातो.

सुरुवातीला एकदाही हाताशिवाय उठता आलं नाही तरी बिघडत नाही. आकडा वहीत लिहून ठेवावा आणि महिन्याने पुन्हा मोजावं. शून्याचा एक झाला, तरी आधाराशिवाय कमोडवरून उठणं तेवढं जवळ आलेलं असतं.