हवेत लोंबणारी मुळं : मातीविना शेतीच्या घरगुती प्रयोगांचा इतिहास

'एरोपोनिक्स' हा शब्द कानावर पडला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अंतराळयान येतं, नाहीतर जांभळ्या दिव्यांखालची चकचकीत शेती. आज घरोघरी बाल्कनीत, खोलीच्या कोपऱ्यात असा संच बसवणारे लोक आहेत. झाकण असलेली प्लॅस्टिकची पेटी, झाकणाला भोकं, भोकांत जाळीचे पेले, पेल्यांतून खाली लोंबणारी मुळं आणि आतून त्यांच्यावर उडणारे बारीक तुषार. बघणाऱ्याला वाटतं, कुठल्या तरी मोठ्या प्रयोगशाळेतलं तंत्र घरात आलं. माझं म्हणणं थोडं उलट आहे. या विषयात घर आधी आलं, प्रयोगशाळा बऱ्याचदा मागून. आणि मुख्य म्हणजे, हवेत मुळं वाढवण्याची युक्ती निघाली ती पीक घेण्यासाठी नव्हेच. मुळं डोळ्यांनी बघता यावीत, एवढ्यासाठी ती निघाली.

झाड खातं काय, हा प्रश्न जुना. सतराव्या शतकात ब्रुसेल्सकडच्या यान बाप्टिस्ट व्हान हेलमाँट यांनी एका भांड्यात २०० पौंड वाळवलेली माती घेतली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. धूळ आत जाऊ नये म्हणून भांड्यावर भोकं पाडलेला पत्रा. ५ वर्षांनी झाड भरलं १६९ पौंडांहून थोडं जास्त. माती परत वाळवून तोलली, तर घट फक्त २ औंसांच्या आसपास. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड म्हणजे पाणीच. हा मजकूर त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. गंमत अशी की 'गॅस' हा शब्द जगाला दिला तो याच गृहस्थांनी. कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचं वर्णनही त्यांनी केलेलं आहे. झाडाचा बराचसा ऐवज त्याच वायूतून आला होता, पण ती सांगड त्यांच्या हयातीत कुणालाच घालता आली नाही. आणि ते २ औंस? ती मोजमापातली चूक समजून सोडून दिली गेली. पुढची दोनशे वर्षं वनस्पतीशास्त्र ज्याच्या मागे होतं, ते त्या २ औंसांत होतं.

१६९९ मध्ये लंडनला जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्याची रोपं वेगवेगळ्या पाण्यात ठेवली : पावसाचं, झऱ्याचं, थेम्स नदीचं, बागेतली माती कालवलेलं. पाणी जितकं गढूळ तितका पुदिना जोमदार. म्हणजे नुसतं पाणी पुरत नाही, पाण्यात काहीतरी लागतं. पुदिन्याची काडी ग्लासात ठेवून मुळं फुटलेली आपल्याकडे कितीतरी स्वयंपाकघरांच्या खिडकीत दिसते. प्रयोग तोच. वुडवर्ड यांनी फक्त तोलून पाहिलं.

ते 'काहीतरी' काय, याचं उत्तर १८६० च्या दशकात जर्मनीत मिळालं. युलियस झाक्स आणि विल्हेल्म नॉप या दोघांनी काचेच्या बरण्यांत, बुचाच्या भोकात रोप अडकवून, माती अजिबात न वापरता झाडं वाढवली. नॉप यांच्या द्रावणात होतं कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि किंचित लोह. आता तुमच्यात कुणी द्राक्षबागवाले असतील तर त्यांना ही नावं नवीन नाहीत. कृषी सेवा केंद्रात '१३-०-४५' म्हणून जी पिशवी मिळते ते पोटॅशियम नायट्रेट, आणि '०-५२-३४' म्हणजे पोटॅशियम फॉस्फेट. ठिबकमधून सोडायची ही विद्राव्य खतं म्हणजे जवळजवळ नॉप यांचीच यादी, पिशव्यांत भरलेली. घरी संच करणाऱ्यालाही हेच लागतं. एकच पथ्य आहे : कॅल्शियम नायट्रेट दाट स्वरूपात इतर फॉस्फेट-सल्फेटबरोबर एका बादलीत कालवायचं नाही, साका बसतो. दोन बादल्या वेगळ्या ठेवायच्या आणि भरपूर पाण्यात एकेक ओतायची.

पण बरणीत एक अडचण राहिली. मुळाला नुसतं अन्न नको, हवाही हवी. हे शेतकऱ्याला सांगायला नको. रानात चार दिवस पाणी साचलं की तूर उबळते. पाण्याशेजारी असून मरते, कारण मूळ गुदमरतं. बरणीतल्या रोपाचंही तेच. पाण्यात हवा सोडत राहावी लागते, नाहीतर मुळं तपकिरी होऊन कुजतात. तेव्हा प्रश्न उलटा विचारला गेला : मूळ पाण्यात ठेवून त्यात हवा घालण्याऐवजी, मूळ हवेतच ठेवून त्यावर पाणी का मारू नये?

छापील स्वरूपात हे करून दाखवणारं जुनं नाव म्हणजे रशियातले व्लादिमीर आर्त्सिखोव्स्की. १९११ मध्ये त्यांनी हवेतल्या वनस्पतिसंवर्धनावर लेख लिहिला : मुळं मोकळी टांगायची आणि क्षारांच्या द्रावणाचा फवारा मारायचा. (जाता जाता सांगतो : यांचा मुलगा आर्तेमी पुढे पुरातत्त्वज्ञ झाला आणि १९५१ मध्ये नोव्हगोरोदच्या चिखलातून भूर्जसालींवरची मध्ययुगीन पत्रं शोधणारी मोहीम त्याने चालवली. बापाने झाडं मातीतून बाहेर काढली, पोरगा आयुष्यभर माती उकरत राहिला.) पण या लेखाने बाहेर फारशी खळबळ झाली नाही, आणि पुढची नावं येतात ती पार पॅसिफिक महासागराच्या कडेची.

१९४२ मध्ये वॉल्टर कार्टर यांनी पाण्याच्या तुषारांत झाडं वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली. कार्टर हे हवाईतल्या अननस संशोधन संस्थेतले कीटकशास्त्रज्ञ. पिठ्या ढेकणामुळे अननस सुकतो, त्याच्या मागे लागलेला माणूस. अशा रोगात मुळाला काय होतंय हे कळायचं तर झाड उपटावं लागतं, आणि उपटलं की निम्मी मुळं तुटतात, शिवाय तेच झाड पुन्हा बघता येत नाही. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी हेतू सांगून टाकला आहे, की मुळांची तपासणी सोपी व्हावी. दोन वर्षांनी, १९४४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या एल. जे. क्लोट्झ यांनी लिंबूवर्गीय झाडं आणि अ‍ॅव्होकॅडो यांच्या मूळरोगांसाठी हीच रीत आणखी सोपी करून मांडली. हे दोघेही पीक वाढवण्याच्या मागे नव्हते. त्यांना आजारी मूळ जिवंत असताना बघायचं होतं. झाकण उचललं की रोगी समोर.

'एरोपोनिक्स' या नावाचं श्रेय फ्रिट्स वेंट यांना दिलं जातं, १९५७ मधलं. वेंट म्हणजे वाढीच्या संप्रेरकावर मूलभूत काम केलेला मोठा माणूस. पॅसाडेनाला उष्णता, उजेड, आर्द्रता सगळं हातात असलेलं वनस्पतिगृह त्यांनी उभं केलं होतं. त्यांनी कॉफी आणि टोमॅटो तुषारांवर वाढवले. नाव आल्यावर एका युक्तीचं 'तंत्रज्ञान' झालं. पुढे १९८० च्या दशकात रिचर्ड स्टोनर यांनी संगणकीय नियंत्रण असलेला संच विकायला आणला, १९८५ मध्ये पेटंट मिळालं, आणि १९९७ मध्ये मीर अंतराळस्थानकावर चवळीच्या जातीच्या अझुकी शेंगांचा प्रयोग झाला. जांभळ्या दिव्यांची कल्पना साधारण इथून सुरू होते.

मला जास्त थांबायचंय ते मात्र एका भांडणापाशी. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम गेरिक नावाचे संशोधक होते. १९२९ मध्ये त्यांनी मांडलं की बरणीतली ही रीत नुसती प्रयोगापुरती नाही, यावर पीक घेता येईल. परसातल्या टाक्यांत त्यांनी टोमॅटोचे वेल २५ फूट चढवले. वर्तमानपत्रांनी उचलून धरलं. १९३७ मध्ये 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द त्यांनी रूढ केला. तो सुचवला होता त्यांचे सहकारी सेचेल यांनी. विद्यापीठाने द्रावणाच्या कृती मागितल्या. गेरिक यांचं उत्तर असं की मी हे माझ्या वेळात, माझ्या घरी केलं, आधी मला हरितगृह आणि वेळ द्या. बिनसलं, आणि ते विद्यापीठातून बाहेर पडले. विद्यापीठाने मग डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांना हा दावा तपासायला लावलं. १९३८ मध्ये त्यांची पुस्तिका निघाली आणि तिचा निर्णय थंड होता : चांगल्या मातीत जेवढं येतं, साधारण तेवढंच पाण्यात येतं. चमत्कार नाही. गंमत बघा, चमत्कार नाकारणाऱ्या या पुस्तिकेतलंच द्रावण, 'होगलंड द्रावण', आज जगभर घरगुती संचांत वापरलं जातं.

यात बरोबर कोण? माझ्या मते दोघंही. गेरिक यांच्याशिवाय लोकांनी हे घरी करून पाहिलं नसतं. आणि होगलंड-आर्नन यांचा इशारा आजही जाहिरातींच्या तोंडावर मारण्यासारखा आहे. 'दसपट पीक' असं कुणी म्हटलं की विचारायचं, कशाच्या दसपट? उजेड तेवढाच असेल तर झाड साखर तेवढीच बनवणार. खोलीत ऊन नसेल तर ते दिव्याने विकत घ्यावं लागतं, आणि दिव्याचं बिल टोमॅटोच्या भावाला परवडत नाही. पालेभाजी, कोथिंबीर, पुदिना, रोपांची कलमं, इथवर घरातला संच खुशीने चालतो.

आता संच. दाब देणारा पंप हवा. आपल्याकडच्या हौशी मंडळींनी तो शोधला पाणी शुद्ध करायच्या आर.ओ. यंत्रात. त्यातला छोटा पंप सहज ८० ते १०० पीएसआय दाब देतो. बारीक तोटीतून तेवढ्या दाबाने पाणी गेलं की थेंब साधारण ५० मायक्रॉनपर्यंत येतात. मुळाला चिकटायला हा आकार उत्तम : मोठे थेंब ओघळून जातात. धुकं करणारी ध्वनिलहरींची चकती स्वस्त असते, पण तिचे थेंब फारच सूक्ष्म, शिवाय ती पाणी तापवते आणि खताच्या क्षाराने तिच्यावर पुटं चढतात. ठराविक वेळाने चालू-बंद करणारा टायमर लावायचा : काही सेकंद फवारा, काही मिनिटं विश्रांती. पेटी आतून पूर्ण काळोखी ठेवायची, फट राहिली की शेवाळ आलंच. पंपाच्या आधी गाळणी, कारण तोट्या तुंबतात. द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ मध्ये ठेवायचा, मीटरने नाहीतर साध्या पट्टीने बघायचा.

हे सगळं नीट जमलं की आठवड्याभरात मुळांवर पांढरी लव दिसते. ती बघण्यासारखी असते. पण हीच लव सगळ्यात मोठी कमजोरी आहे. माती पाणी धरून ठेवते, बरणीत पाणी असतंच, हवेतल्या मुळाला मात्र साठा नाही. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि फवारा थांबला की तासा-दोन तासांत रोपं माना टाकतात. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्राच्या खेड्यांत आठ-आठ, दहा-दहा तासांचं भारनियमन होतं, ते आठवा. म्हणून घरच्या संचाला बॅटरी ही ऐपत असेल तर जोडायची वस्तू नव्हे, ती पहिल्या दिवसापासून लागते.

हा प्रश्न भारतात आधी कुणाला पडला होता? १९४६ मध्ये जेम्स शोल्टो डग्लस हे दार्जिलिंग जिल्ह्यात कालिम्पोंगला हायड्रोपोनिक्सवर काम करू लागले. आसपासच्या माणसाकडे ना वीज, ना पंप. त्यांनी अमेरिकन रीतीतली यंत्रं काढून टाकली : वाळू-खडीचे वाफे, वर कोरडी क्षारखतं पसरायची आणि झारीने पाणी. याला त्यांनी 'बंगाल पद्धत' म्हटलं, आणि १९५१ मध्ये त्यावरचं पुस्तक आलं, पुढे त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. आमच्या हौशी लोकांच्या कपाटात हे पुस्तक क्वचित असतं, याचं मला वाईट वाटतं. वीज नसेल तर काय, याचं उत्तर त्यात ७० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

हवेतली शेती भारतात खरी कुठे उपयोगी पडली, तर बटाट्याच्या बियाण्यात. बटाट्याचं बी म्हणजे बटाटाच, आणि त्यातून विषाणू पिढ्यान् पिढ्या पुढे जातात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ऊतिसंवर्धनातली निरोगी रोपं बंद, काळोख्या पेट्यांत टांगून तुषारांवर वाढवण्याची रीत बसवली. पेटीत मुळांबरोबर इवलेइवले बटाटे लोंबतात. झाकण उघडायचं, हवे त्या आकाराचे तोडून घ्यायचे, झाकण लावायचं. झाड उपटावं लागत नाही, म्हणून एकाच रोपावरून पुन्हा पुन्हा तोडणी होते आणि कुंडीतल्या रोपापेक्षा कितीतरी जास्त लघुकंद मिळतात. हे लघुकंद मग शेतात लावून दोन-तीन हंगाम वाढवतात, तेव्हा ते बियाणं म्हणून विकायला जातं. मंचरकडे, सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा लावणारे आपले शेतकरी बियाणं आणतात पंजाबातून, आणि लागवडीच्या खर्चात बियाण्याचा वाटा मोठा असतो. त्या पोत्यातल्या बटाट्याची आजी-पणजी अशा एखाद्या पेटीत लोंबत असण्याची शक्यता आता वाढते आहे.

कार्टर यांनी अननसाचं मूळ बघायला केली होती, तीच ही रीत. फरक इतकाच की आता झाकण उचलणारा मुळाकडे न बघता कंद चाचपतो. आता प्रश्न घेऊ. खतांच्या प्रमाणाबद्दल मागच्या रांगेतून मघाच हात वर आला होता, तिथूनच सुरुवात करू.