काडी मोडली, कागद कुठाय?

घटस्फोट हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी नव्हता. त्यांच्या तोंडी काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, फारकत होती. मी तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो. तिथं बाया आजही हेच शब्द घेऊन येतात. "माझी काडीमोड झालीया, आता पोटगी मिळंल का?" "स्टॅम्पावर सोडचिठ्ठी झालीया, दुसरं लगीन केलं तर चालंल का?" काळे कोटवाले ऐकून हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. या प्रश्नांच्या मागं दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्याच माणसांचा आहे. शाळेच्या पुस्तकात तो आला नाही, म्हणून इथं मांडतो.

ब्राह्मणी धर्मशास्त्रानं लग्न हा संस्कार ठरवला. संस्कार म्हणजे जन्माची गाठ. नवरा मेला तरी बाईची गाठ सुटायची नाही. डोकं भादरून कोपऱ्यात बसायचं. पण हे शास्त्र पाळणारे मूठभर. बाकीचा महाराष्ट्र, म्हणजे राबणाऱ्या जाती आणि गावकुसाबाहेरची माणसं, वेगळ्या रीतीनं जगत होता. नवरा-बायकोचं पटेना तर पंच बसायचे, गवताची काडी मोडायची, लग्न मोडलं. मग बाईनं पाट लावायचा, म्होतूर लावायचा. पेशवाईत सरकार या पाटावरही 'पाटदाम' नावाची पट्टी घेई. म्हणजे धर्माला आमचा पाट हलका, पण सरकारी खजिन्याला त्याचा पैसा चालत होता.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांना प्रश्न पडला की इथं न्याय कुठल्या कायद्यानं करायचा. मुंबई सरकारच्या हुकुमावरून आर्थर स्टील या अधिकाऱ्यानं दख्खनच्या जातींच्या चालीरीती गोळा केल्या आणि १८२७ साली त्यांचं पुस्तक छापलं. पाट आणि सोडचिठ्ठी त्यात नोंदलेली आहे. त्याच १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनात मुंबई सरकारनं लिहून ठेवलं की सरकारी कायदा नसेल तिथं मुलखाची रूढी धरावी. कागदावर आमची रूढी कायदा झाली.

पण न्यायाच्या खुर्चीत बसलेले साहेब, आणि त्यांना शास्त्र सांगायला पोथीवाले शास्त्री. रूढी 'नीतीला' धरून आहे की नाही हे तेच ठरवायचे. नवरा राजी असेल तर सोडचिठ्ठी कोर्ट मानायचं. नवरा राजी नसताना बाईनं पंचांच्या परवानगीनं पाट लावला की कोर्टाच्या कपाळाला आठ्या. गुजरातेतल्या कोळी बायांच्या बाबतीत १८६४ आणि १८७० साली मुंबईच्या हायकोर्टानं अशी रूढी मानायला नकार दिला. १८७६ च्या एका फौजदारी खटल्यात तर साफ सांगितलं, की लग्न रद्द ठरवायचा किंवा पहिल्या नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईला दुसरं लग्न करू द्यायचा जातीला अधिकार नाही. काल जे पंचांसमोर रीतसर होतं, ते आज दंडसंहितेच्या ४९४ कलमाखाली गुन्हा झालं. पुरुषाला मात्र दोन-चार बायका करायला कायद्याची आडकाठी नव्हती. ४९४ कलम लागायचं ते बाईला.

रखमाबाईंचा खटला सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची एक बाजू फारशी कुणी सांगत नाही. रखमाबाई सुतार जातीच्या. या जातीत पाट चालायचा, त्यांच्या विधवा आईनंही दुसरं लग्न केलं होतं. पण लहानपणी लावलेलं स्वतःचं लग्न नाकारायला रखमाबाई उभ्या राहिल्या, तेव्हा आधी १८८५ साली निकाल बाजूनं लागूनही १८८७ साली कोर्टानं सांगितलं की नवऱ्याकडं नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. शेवटी १८८८ साली २००० रुपये भरून तडजोड झाली. घटस्फोट देईल असा कायदाच नव्हता.

कायदा यायला फार वर्षं लागली. बडोदा संस्थानात सयाजीरावांनी १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतानं १९४६ साली पुरुषांच्या दुसऱ्या लग्नाला बंदी घातली आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा आणला. मग देशभरासाठी हिंदू कोड बिल घेऊन कायदेमंत्री बाबासाहेब उभे राहिले. सनातनी ओरडले, घटस्फोटानं धर्म बुडेल. बाबासाहेबांनी सभागृहाला दाखवून दिलं की शूद्र म्हटले जाणारे लोक हिंदूंत बहुसंख्य आहेत आणि त्यांच्यात घटस्फोट रूढीनं चालूच आहे. मूठभरांची रीत सगळ्यांवर का लादायची? हा मुद्दा मला फार मोठा वाटतो. ज्या काडीमोडीला हलक्यांची रीत म्हणून हिणवलं, तीच त्यांनी साक्षीला उभी केली. बिल रखडवलं गेलं. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. राजीनाम्याच्या कारणांत हे बिल होतं.

पुढं १९५५ साली तुकडे करून कायदा आला तो हिंदू विवाह कायदा. त्याच्या २९ व्या कलमात एक ओळ आहे : रूढीनं मिळालेला लग्न मोडायचा हक्क हा कायदा काढून घेत नाही. म्हणजे काडीमोड आजही जिवंत आहे. पण अर्धवट जिवंत. कारण रूढी जुनी आहे, सतत चालत आलेली आहे, हे सिद्ध करायचं ओझं सांगणाऱ्यावर. सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली सांगितलं, की रूढीनं घटस्फोट झाला म्हणणाऱ्यानं ती रूढी अर्जात मांडली पाहिजे आणि पुराव्यानं शाबीत केली पाहिजे. नुसता स्टॅम्प आणि नोटरीचा शिक्का यानं लग्न मोडत नाही. नोटरी सही खरी आहे एवढंच सांगतो.

इथंच आपल्या बाया मरतात. एखादा म्हणतो, "पहिलीची काडीमोड झालीया," आणि दुसरीच्या गळ्यात माळ घालतो. पाच वर्षांनी तिलाही हाकलतो. ती पोटगीला जाते तेव्हा तोच कोर्टात म्हणतो, माझं पहिलं लग्न मोडलेलंच नाही, ही माझी बायको नाही! १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरवलं, की पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल, अशा बाईला १२५ कलमाची पोटगी नाही. २०१३ साली त्याच न्यायालयानं थोडी वाट मोकळी केली : पहिलं लग्न लपवून फसवलं असेल, तर त्या लबाडीचा फायदा नवऱ्याला मिळणार नाही, पोटगी द्यावी लागेल. अशा लग्नाची मुलं मात्र १६ व्या कलमानं औरसच.

आता बाया विचारतात त्या प्रश्नांची सरळ उत्तरं देतो.

पोटगी घटस्फोटानंतरही मागता येते, बाईनं दुसरं लग्न केलेलं नसेल आणि तिला स्वतःचं पोट भरता येत नसेल तर. १९७३ च्या संहितेत ५०० रुपयांची मर्यादा होती, ती २००१ साली उठली. १ जुलै २०२४ पासून १२५ कलमाच्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ कलम आलं. बाई जिथं राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. घटस्फोटाचा अर्जही २००३ च्या दुरुस्तीपासून बायकोला ती राहते तिथं करता येतो, सासरच्या गावाला खेटे घालायला नकोत.

स्टॅम्पावर 'पोटगीचा हक्क सोडला' असं लिहून घेतात. असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून कोर्टांनी अनेकदा बाजूला सारलेला आहे. पण 'राजीखुशीनं वेगळं राहतो' ही ओळ घातक आहे. परस्परसंमतीनं वेगळं राहणाऱ्या बायकोला या कलमाची पोटगी नाही. अंगठा उठवायच्या आधी ती ओळ वाचून घ्या.

दोघांनाही सुटायचं असेल तर १९७६ साली आलेलं १३-ब कलम आहे. एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, मग दोघांचा मिळून अर्ज, मग सहा महिने थांबणं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं २०१७ साली ठरलं. पाच वर्षांखालचं लेकरू साधारणपणे आईकडं. माहेरानं दिलेले डाग-भांडी बाईची स्वतःची. ती सासऱ्याची होत नाहीत, हे १९८५ पासून पक्कं आहे.

वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं प्रत्येक बाईला, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच त्याची समिती असते.

काडीमोडीचे मी गोडवे गात नाही. पंच सगळे पुरुष असायचे. पोरं बहुधा बापाकडं जायची. नवा नवरा पहिल्याला लग्नाचा खर्च भरायचा, जणू जनावराचा दाखला बदलला. पाट रात्रीचा लागायचा, पाटाच्या बाईचा मान लग्नाच्या बाईपेक्षा कमी. तरी दार होतं आणि ते उघडत होतं, जेव्हा वरच्यांच्या घरात भिंतच होती.

पण १९५६ साली आपण जात टाकली. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. मग कोर्टात उभं राहून 'आमच्या जुन्या जातीची रूढी अशी होती' हे शाबीत करत बसायचं का? ज्या जातीतून बाहेर पडलो, तिच्याच पंचांच्या कागदावर आपल्या लेकींचं आयुष्य टांगायचं का? मी नाही म्हणतो. पंचांपुढं झालेली जुनी काडीमोड असेल, तर साक्षीदार हयात आहेत तोवर कुटुंब न्यायालयाकडून, आणि ते नसेल तिथं दिवाणी कोर्टाकडून, तशी घोषणा मागून घ्या. नवी असेल तर सरळ कोर्टाचा हुकूमनामा घ्या. पंच दंड मागतील, वाळीत टाकू म्हणतील, तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे.

लग्न सोडायची हिंमत आपल्या आज्यांत होतीच. कागद तेवढा त्यांच्या हातात कुणी दिला नाही. तो हुकूमनामा आता लेकीच्या हातात पडला पाहिजे, आणि त्याची नक्कल काढून ट्रंकेत ठेवायलाही तिला सांगा.