मडके, डबा, पिंप: तापीकाठच्या मोहभट्टीतील भांड्यांचा इतिहास

मद्यनिर्मितीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी फुले, फळे आणि धान्ये यांची नोंद घेतली, आबकारी कराचे आकडे मांडले, दारूबंदीच्या चळवळींवर ग्रंथ लिहिले. परंतु ज्या भांड्यात ती दारू उकळली, त्याच्याकडे पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराखेरीज फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. हे भांडे मात्र पुष्कळ सांगून जाते, कारण खेड्यापाड्यांतील भट्टीचे भांडे बहुधा भट्टीसाठी घडवलेले नसते. पाणी, धान्य, तेल किंवा रसायन भरण्यासाठी दुसऱ्याच कोणी बनवलेले भांडे पहिले काम संपल्यावर, किंवा ते चालू असतानाच, चुलीवर चढते आणि भट्टी होते. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तालुक्यातील तुकईथड आणि त्याच्या भोवतीचा, मेळघाटाला लागून असलेला तापीखोऱ्याचा पट्टा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. निमाडी, मराठी, हिंदी आणि कोरकू या चार भाषा येथे एकमेकींत मिसळतात, आणि खंडवा–अकोला मीटरगेज लोहमार्गावरील एक स्थानक म्हणून हे गाव बाहेरच्या प्रवाशांना ठाऊक झाले. गावाच्या नावातील ‘थड’ मराठीतील ‘थडी’शी, म्हणजे नदीकाठाशी, नाते सांगत असावे.

या भागातील पारंपरिक मद्य मोहाच्या फुलांचे असून कोरकू भाषेत त्याला ‘सिडू’ म्हणतात. मुंडा भाषाकुळातील ही बोली बोलणारा कोरकू समाज मुठवा देवापुढे, लग्नात आणि मृतांच्या स्मरणविधीत सिडूचे थेंब आधी जमिनीवर सांडतो आणि मग प्याला तोंडाला लावतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले पहाटे गळून पडतात. ती वेचून उन्हात वाळवली की मनुक्यासारखी तांबूस होतात, आणि वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक साखर असते. ही फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवली जातात, म्हणजे फुलांवर असलेले किंवा भांड्याला चिकटून राहिलेले यीस्टचे जीव साखरेचे मद्यार्कात रूपांतर करतात. या आंबलेल्या पाण्याला वऱ्हाडाच्या बाजूला ‘सडवा’ म्हणतात, तर मध्य प्रदेशाच्या हिंदीत ‘लाहन’. दोन गावांच्या मध्ये राज्याची सीमा आली की एकाच पिंपातल्या द्रवाचे नाव बदलते.

सडवा पिऊन झिंग येते, पण ती दारू नव्हे. दारू होण्यासाठी त्याचे ऊर्ध्वपातन करावे लागते, म्हणजे तो तापवून त्याची वाफ वेगळी काढावी लागते आणि ती थंड करून पुन्हा द्रवरूपात आणावी लागते. शुद्ध मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सियसला उकळतो आणि पाणी १०० अंशांना, एवढ्या फरकावर हा सगळा उद्योग उभा आहे. जुन्या पद्धतीत चुलीवर सडव्याचे मोठे मडके असते, त्याच्या तोंडावर बुडाला भोके पाडलेले दुसरे मडके बसवलेले असते, त्या दुसऱ्याच्या पोटात एक लहान गाडगे ठेवलेले असते आणि सर्वांत वर गोल बुडाचे, थंड पाण्याने भरलेले भांडे झाकणासारखे चढवलेले असते. वाफ भोकांतून वर येते, वरच्या भांड्याच्या थंड बुडाला लागून तिचे पाणी होते आणि बुडाचा उतार गोलाकार असल्यामुळे थेंब मध्यावर जमून नेमके खालच्या गाडग्यात पडतात. दुसऱ्या प्रकारात गाडगे बाहेर पाण्यात ठेवून मडक्यापासून तेथवर बांबूची नळी नेतात. दोन्ही प्रकारांत सांधे ओल्या मातीने आणि चिंध्यांनी लिंपलेले असतात, आणि भट्टी लावणाऱ्याचे निम्मे कौशल्य या लिंपणात असते, कारण सांधा फुटला तर दारू हवेत जाते आणि चुलीच्या जाळाशी गाठ पडली तर पेटही घेते. वरचे पाणी कोमट झाले की ते काढून नवे थंड पाणी ओततात, आणि पाणी किती वेळा बदलले यावरून दारूच्या कडकपणाचा अंदाज बांधतात. पहिल्या पाण्याला उतरणाऱ्या दारूत मद्यार्क सर्वाधिक असतो, पुढे पुढे वाफेबरोबर पाणीच जास्त येऊ लागते. मराठीत ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग येथूनच आला आणि आता तो भट्टी जन्मात न पाहिलेल्या माणसांच्याही बोलण्यात सुखेनैव नांदतो.

मातीच्या अशा भट्टीची परंपरा भारतीय उपखंडात किती जुनी आहे, यावर पुरातत्त्वज्ञांत वाद आहे. तक्षशिलेच्या उत्खननात जॉन मार्शल यांना सापडलेल्या आणि पेशावरजवळच्या शेखान ढेरी येथे मोठ्या संख्येने मिळालेल्या मातीच्या पात्रांचा अभ्यास करून रेमंड ऑलचिन यांनी १९७९ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे तेथे ऊर्ध्वपातन होत असावे. हा निष्कर्ष सर्वांनी मान्य केलेला नाही. तथापि ऑलचिन यांनी ज्या रचनेची कल्पना केली, तिच्यात आणि आदिवासी भट्टीच्या नळीच्या प्रकारात लक्षणीय साम्य आहे, आणि मातीच्या भांड्यांपुरते बोलायचे तर या पद्धतीला कुंभाराच्या नेहमीच्या मालापलीकडे काहीच लागत नव्हते.

बऱ्हाणपूर शहराचे दारूशी जोडलेले सर्वांत प्रसिद्ध प्रकरण मात्र देशी भांड्याचे नाही. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरमध्ये जहांगीरच्या दरबाराकडे जाताना येथे थांबला, तेव्हा शहजादा परवेझ या शहरात राहून दख्खनचा कारभार पाहत होता. रोने त्याला दिलेल्या भेटींत मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती, आणि शहजाद्याने ती इतक्या तातडीने उपयोगात आणली की ठरलेली खाजगी भेट होऊच शकली नाही. दरबारात दारू काचेतून आली आणि जंगलात ती मातीतून उतरत राहिली. या दोन जगांचा संबंध फारसा आला नाही, तो इंग्रजी आबकारीने आणला.

१८६० च्या सुमारास बऱ्हाणपूरचा मुलूख शिंद्यांकडून इंग्रजांकडे आला आणि १८६४ मध्ये निमाड जिल्हा मध्य प्रांतात सामील झाला. निमाडचे जमाबंदी अधिकारी आणि पुढे उपायुक्त झालेले कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथात मोहाचे वर्णन बरेच आपुलकीने केले असून, नीट काढलेली आणि मुरलेली मोहाची दारू आयरिश व्हिस्कीच्या जवळ जाते, असा अभिप्राय दिला आहे. सरकारच्या लेखी मात्र मोह हा चवीचा नव्हे, महसुलाचा विषय होता. शहरांजवळ सरकारी देखरेखीखालच्या मध्यवर्ती भट्ट्या आणि दूरच्या रानात ‘आउटस्टिल’, अशी दुहेरी व्यवस्था होती. आउटस्टिल म्हणजे ठेकेदाराने लिलावात बोली लावून ठरावीक जागी स्वतःची भट्टी चालवण्याचा घेतलेला हक्क. त्यात किती दारू निघाली यावर कर नसून भट्टीच्या हक्कावर तो असे. हे ठेके बहुधा कलाल जातीच्या लोकांकडे जात, आणि काल स्वतःच्या मडक्यात सिडू काढणारा कोरकू आज कलालाचा गिऱ्हाईक, आणि पुष्कळदा ऋणकोही, होई. बंगालमध्ये १८८३-८४ च्या आबकारी आयोगानंतर भट्टीचे आणि आंबवण्याच्या भांड्यांचे माप ठरवून देण्याची पद्धत आली. दारू मोजणे अवघड होते म्हणून सरकारने भांडे मोजले, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

पुढे मध्य प्रांताच्या १९१५ च्या आबकारी कायद्याने विनापरवाना दारू काढण्याबरोबरच त्यासाठी भट्टी, भांडी, अवजारे आणि साहित्य जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवला. मध्य प्रदेशात आजही लागू असलेला आबकारी कायदा हाच आहे. या तरतुदीचा भट्टीच्या घडणीवर झालेला परिणाम इतिहासकारांनी दुर्लक्षिला आहे. जे भांडे केवळ दारूच्याच कामाचे, ते सापडले की गुन्हा आपोआप सिद्ध होऊ लागला. उलट जे भांडे सकाळी पाण्याचे आणि रात्री भट्टीचे, त्याच्याबद्दल निदान वाद घालता येत होता. गोव्यात काजूच्या फेणीच्या भट्टीला परवाना मिळत राहिला, म्हणून तेथे मातीच्या ‘भाणा’ची जागा खास घडवलेल्या तांब्याच्या भाणाने घेतली आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. तापीकाठच्या भट्टीने तांब्याकडे वाटचाल केली नाही, याचे कारण सहसा दारिद्र्य असे सांगितले जाते. दारिद्र्य होतेच, परंतु जे भांडे एक दिवस फोडले जाणार किंवा जप्त होणार, त्यात तांबे घालण्याइतका अव्यवहारी माणूस श्रीमंतांतही सापडला नसता.

या पोकळीत प्रथम आला तो घासलेटचा डबा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिका, रशिया आणि मग ब्रह्मदेश येथून येणारे खनिज तेल चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून हिंदुस्थानभर पसरले. ‘गॅसलाइट’वरून ‘घासलेट’ आणि ‘रॉक ऑइल’वरून ‘रॉकेल’ हे शब्द मराठीत आले, आणि सुमारे १८ लिटरचा तो डबा तेल संपल्यावर पाणी भरण्यास, धान्य ठेवण्यास, उलगडून छप्पर शाकारण्यास आणि भट्टी लावण्यासही कामी येऊ लागला. मडक्यापेक्षा तो हलका होता, पडला तर फुटत नव्हता, जाळ लवकर घेत होता आणि धाड येण्याची कुणकुण लागताच काखोटीला मारून नाल्यात नेता येत होता. त्याचा दोष पाहताक्षणी दिसणारा नव्हता. डब्याचे सांधे शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाने झाळलेले असत, आणि आंबट, गरम सडव्यात शिसे विरघळते. अमेरिकेच्या दक्षिणेतील चोरट्या भट्ट्यांत वाफ थंड करण्यासाठी मोटारींचे जुने रेडिएटर वापरले जात, तेव्हा याच झाळणीमुळे पिणाऱ्यांना शिसेबाधा झाल्याचे वैद्यकांनी नोंदवले आहे.

डब्यामागोमाग ‘जर्मन’ची भांडी आली. तांबे, जस्त आणि निकेल यांच्या ‘जर्मन सिल्व्हर’ या मिश्रधातूचे नाव मराठीने ॲल्युमिनियमला देऊन टाकले. आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत ॲल्युमिनियमची भांडी बनवण्याचा उद्योग सुरू केला, आणि काही दशकांतच जर्मनचा हंडा बाजाराच्या गावी सहज मिळू लागला. मोहाच्या भट्टीत वरच्या थंड पाण्याच्या भांड्यासाठी तो मडक्याहून सरस ठरला, कारण धातूतून उष्णता झपाट्याने जाते आणि त्याचे गोल बुड थेंब मध्यावर आणते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुमारे २०० लिटरचे लोखंडी पिंप सर्वत्र झाले आणि भट्टी घराबाहेर, ओढ्याच्या काठी गेली. मडक्यातली सिडू घरच्या कार्यापुरती होती. पिंपातली दारू विक्रीसाठीच असणार, एवढे त्याच्या आकारावरूनच कळते. मोहाबरोबर काळा गूळ आणि नवसागर आला तोही याच टप्प्यावर, आणि बांबूच्या नळीची जागा प्लास्टिकने घेतली. पिंपाचे आधीचे आयुष्य कोणते होते, त्यात डिझेल होते की कीटकनाशक, हे दारू विकत घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. मडक्याच्या बाबतीत तो प्रश्नच उद्भवला नव्हता.

दुसऱ्यासाठी घडलेले भांडे मद्याच्या कामाला लावण्याची हीच प्रवृत्ती अमेरिकेत अगदी वेगळ्या परिस्थितीत दिसते. तेथे १९७८ च्या कायद्याने घरगुती वापरासाठी करमुक्त बिअर बनवण्याची मुभा मिळाली, आणि हौशी लोकांनी बिअर कंपन्यांच्या जुन्या पोलादी पिंपांवर, म्हणजे ‘केग’वर, डोळा ठेवला. नेहमीच्या मोठ्या केगमध्ये साडेपंधरा अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे ५९ लिटर, मावतात. आतला दाब आधी पूर्ण सोडून माथ्याचा गोल भाग ग्राइंडरने कापून काढायचा, कडा घासून गुळगुळीत करायची आणि खालच्या बाजूला भोक पाडून तोटी बसवायची, की बिअर साठवण्याचे पिंप बिअर उकळण्याची कढई होते. ऊर्ध्वपातनाशी याचा संबंध नाही, कारण त्या कढईत आंबवण्यापूर्वीचा माल्टचा काढा उकळतात, आणि घरी दारू गाळणे तेथेही बेकायदाच राहिले. बिअर कंपन्यांची तक्रार वेगळी होती: ग्राहकाने अनामत भरली म्हणजे केग त्याचा होत नाही, आणि अनामतीची रक्कम पोलादाच्या किमतीहून पुष्कळ कमी असते. तेव्हा तेथे भांड्यावरचा वाद मालकीचा होता, येथे तो गुन्ह्याचा. मात्र कायद्याचे अभय मिळताच केगची कढई चकचकीत घासून, तापमापक लावून पाहुण्यांना दाखवली जाऊ लागली. सातपुड्यातले पिंप पालापाचोळ्याखालीच राहिले.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघाला आणि मेळघाटाच्या बाजूला मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा, तर तुकईथडच्या बाजूला १९१५ चा आबकारी कायदा, असे एकाच जंगलाचे दोन भाग झाले. फेब्रुवारी २००३ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात खकनार आदिवासी विकास गट अनुसूचित क्षेत्रात गणला गेला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला बऱ्हाणपूर खंडव्यापासून वेगळा जिल्हा झाला. मध्य प्रदेशाच्या कायद्यात अशा क्षेत्रातील अनुसूचित जमातींना घरच्या वापरासाठी मोहाची दारू मर्यादित प्रमाणात काढण्याची सूट आहे, आणि अलीकडे ‘हेरिटेज मद्य’ या नावाने अलीराजपूर आणि दिंडोरी जिल्ह्यांतील आदिवासी गटांची मोहाची दारू ‘मोंड’ आणि ‘मोहुलो’ या नावांनी काचेच्या बाटलीत विकली जाऊ लागली. सूट घरच्या मडक्याला मिळाली आणि विक्रीचा परवाना कारखान्याला. ओढ्याकाठचे पिंप दोहोंच्या बाहेर आहे. त्याची नोंद आजही धाडीनंतरच्या पंचनाम्यातच होते. सडवा वाहून नेता येत नाही म्हणून तो जागच्या जागी जमिनीवर ओतला जातो आणि त्याची अंदाजे किंमत लिहिली जाते. त्याखालच्या ओळीत रिकाम्या पिंपाची किंमत वेगळी मांडलेली असते.