सायकेडेलिक अक्षरवळण
सायकेडेलिक अक्षरवळण : भित्तिपत्रके, ध्वनिमुद्रिकांची वेष्टने, शीर्षके इत्यादींसाठी वापरले जाणारे एक आलंकारिक अक्षरवळण. अक्षरे फुगवून, वाकवून व एकमेकांत बसवून नेमलेली जागा काठोकाठ भरणे, हे त्याचे मुख्य लक्षण होय. ‘सायकेडेलिक’ हा शब्द मन व प्रकट या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हंफ्री ऑझ्मंड या ब्रिटिश मनोविकारतज्ञाने १९५६ मध्ये तयार केला. एलएसडीसारख्या भ्रमोत्पादक द्रव्यांच्या संदर्भात तो रूढ झाला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोतील तरुणांच्या चळवळीबरोबर संगीत, वेशभूषा व अक्षरकला यांनाही लावला जाऊ लागला.

वळण मात्र या शब्दाहून जुने आहे. व्हिएन्नातील सेसेशन या कलावंतसंघाचा सभासद आल्फ्रेट रोलर (१८६४–१९३५) याने १९०३ मधील भित्तिपत्रकात अक्षरांना जवळजवळ चौकोनी ठोकळ्यांचे रूप दिले व त्यांच्या पोटातील पोकळी बारीक रेघांवर आणली. १९६५ मध्ये बर्कली येथे जर्मन भित्तिपत्रकांचे प्रदर्शन भरले. त्याच्या सूचिपत्रातून वेस विल्सन (१९३७–२०२०) याला रोलरच्या अक्षरांचा परिचय झाला. फिलमोर सभागृहातील संगीताच्या कार्यक्रमांसाठी १९६६ पासून केलेल्या भित्तिपत्रकांत विल्सनने हा ताठर ठोकळा लवचिक केला. त्याला ज्वाळेचा, केशसंभाराचा आकार दिला. व्हिक्टर मॉस्कोसो याने येल विद्यापीठात योझेफ आल्बेर्सकडे रंगविद्येचे शिक्षण घेतले होते. सारख्या तेजाचे परस्परविरोधी रंग शेजारी ठेवून त्याने अक्षरांच्या कडा डोळ्यांसमोर थरथरत्या केल्या. जाहिरात एका दृष्टिक्षेपात वाचता यावी, हा प्रस्थापित नियम या मंडळींनी बुद्ध्याच मोडला. वाटसरूने थांबावे, अक्षरे उलगडावीत, हाच त्यांचा हेतू होता. दुर्वाच्यता ही येथे योजना होती. अनुकरण करणाऱ्यांच्या हाती तिचा पुष्कळदा केवळ दोष झाला.

ही अक्षरे हाताने रेखाटलेली होती. शिशाच्या खिळ्याला ती साधणे कठीण, कारण प्रत्येक खिळा आपल्या चौकोनी अंगात बंदिस्त असतो व शेजारच्या अक्षराच्या हद्दीत सहजी शिरू शकत नाही. छायाजुळणी आणि घासून उमटविण्याची लेट्रासेट अक्षरे यांनी हा अडसर दूर केला. श्टुटगार्टच्या ओटो व्हायझर्ट ओतशाळेचे ‘आर्नोल्ड ब्योक्लिन’ (१९०४) हे वळण याच काळात पुन्हा प्रचारात आले. संगणकावर जिम पार्किन्सनचे ‘मोजो’ (१९९६) हे या परंपरेतील ठळक उदाहरण. तथापि हस्तलिखित शीर्षकात एकच अक्षर जागेप्रमाणे रूप पालटते, तर तयार वळणात ते ठरलेलेच राहते. त्यामुळे त्यातील प्रवाहीपणा बराच ओसरतो.

या अक्षरकलेच्या इतिहासाचा एक धागा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यापर्यंत पोहोचतो. लंडनमधील ‘इंटरनॅशनल टाइम्स’ या पत्राचा कलासंपादक माइक मॅकिनर्नी याने एप्रिल १९६७ मधील ‘फोर्टीन अवर टेक्निकलर ड्रीम’ या कार्यक्रमाचे भित्तिपत्रक केले होते. हा चित्रकार नगरजवळील अरणगाव येथे मेहेराबाद वसविणाऱ्या मेहेरबाबांचा अनुयायी झाला आणि ‘द हू’ या वाद्यवृंदाचा पीट टाउनशेंड याला त्यानेच बाबांच्या विचारांकडे वळविले. मेहेरबाबांचा मादक द्रव्यांना स्पष्ट विरोध होता. ‘गॉड इन अ पिल?’ ही त्यांच्या मतांची पुस्तिका १९६६ मध्ये अमेरिकेत, म्हणजे विल्सनची भित्तिपत्रके गाजत असतानाच, प्रसिद्ध झाली. ३१ जानेवारी १९६९ रोजी बाबांचे निधन झाले. त्याच वर्षी निघालेल्या ‘टॉमी’ या ध्वनिमुद्रिकेवर त्यांचा नामोल्लेख आहे. तिचे वेष्टनचित्र मॅकिनर्नीचेच असून त्यात निळ्यापांढऱ्या जाळीतून आकाश दिसते. १९२५ पासून मौन पाळणारे बाबा १९५४ पर्यंत साध्या अक्षरफलकावर बोट ठेवून बोलत, हेही अक्षरांच्या या इतिहासात नोंदण्याजोगे आहे.

देवनागरीत हे वळण आणणे सोपे नाही. शिरोरेषेमुळे अक्षरे मुळातच जोडलेली असतात, हा फायदा. पण वरच्या मात्रा व वेलांट्या आणि खालचे उकार यांमुळे शब्दाचा ठोकळा सलग राहत नाही. शिवाय ‘व’ व ‘ब’ यांतील भेद पोटातील एका रेघेवर, तर ‘घ’ व ‘ध’ किंवा ‘म’ व ‘भ’ यांतील भेद बव्हंशी शिरोरेषेतील खंडावर अवलंबून असतो. अक्षर अति स्थूल केले, की प्रथम हेच भेद बुजतात. म्हणून मराठीत असे प्रयोग दीर्घकाळ कुंचल्यानेच झाले. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची शीर्षके त्या त्या नाटकाच्या प्रकृतीप्रमाणे रेखाटली आणि वृत्तपत्रांतील जाहिरातींमुळे ती घरोघर परिचित झाली. ती सायकेडेलिक संप्रदायातील नव्हेत. परंतु अक्षर हेच चित्र, ही दृष्टी दोहोंत समान आहे.

सलग मुद्राक्षरांत या जातीच्या सर्वांत जवळ जाणारे वळण म्हणजे मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचे ‘मोदक’. सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांनी ते आधी हाताने रेखाटले व २०१५ च्या सुमारास ते मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले. त्यात देवनागरीबरोबर रोमन अक्षरेही आहेत. अक्षरे गुबगुबीत असून पोकळ्या केवळ चिरांएवढ्या ठेवल्या आहेत; अक्षराची ओळख या चिराच टिकवितात. दुकानाची पाटी, खाद्यपदार्थाचे वेष्टन, बालपुस्तकाचे मुखपृष्ठ अशा ठिकाणी ते शोभते. मजकुराच्या लहान आकारात मात्र चिरा शाईने भरतात आणि ‘ब’चा ‘व’ होतो.