निर्धूर चूल

निर्धूर चूल ही लाकूड, गोवऱ्या आणि शेतातील काटक्या-पालापाचोळा यांवर चालणारी, ज्वलनाचा धूर धुराड्यावाटे घराबाहेर सोडणारी चूल होय. धुराडे नसलेल्या जुन्या घरातही ती नंतर बसवता येते. ‘निर्धूर’ हे नाव स्वयंपाकघरापुरतेच लागू पडते, कारण धूर नाहीसा होत नाही. तो बाहेरच्या हवेत मिसळतो.

पार्श्वभूमी

थंड प्रदेशांत लाकडाची शेगडी मुख्यतः खोली उबदार ठेवण्यासाठी वापरतात. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, म्हणजे मालवण, देवगड व वेंगुर्ले परिसरात, हवामान वर्षभर उबदार व दमट असल्याने तशी गरज पडत नाही. येथे लाकडाचा विस्तव स्वयंपाकासाठी आणि न्हाणीघरात आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी लागतो. नारळाची सोडणे, करवंट्या, वाळलेली चुडते, काजू-आंब्याच्या फांद्या व रानातील काटक्या हे घराच्या आसपास मिळणारे सरपण होय.

जांभ्या दगडाच्या भिंती आणि उतरते कौलारू छप्पर असलेल्या पारंपरिक घरात सहसा धुराडे नसे. धूर कौलांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडे. वाटेत त्याचा काही उपयोगही होई: छपराचे वासे व रिपा कोरड्या राहत, लाकडाला लागणारी कीड कमी होई आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेले बियाणे व सरपण पावसाळ्यातही दमट होत नसे. या उपयोगाची किंमत मात्र चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्याजवळची लहान मुले मोजत.

आरोग्यावरील परिणाम

लाकडाच्या अपूर्ण ज्वलनातून सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर घातक द्रव्ये बाहेर पडतात. मुलांमधील न्यूमोनिया, दीर्घकालीन श्वसनविकार, हृदयविकार, पक्षाघात व फुप्फुसाचा कर्करोग यांच्याशी या धुराचा संबंध आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती वायुप्रदूषणामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

इतिहास

भारतात धुराड्याच्या चुलीचे प्रयोग स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाले. वर्धा येथील मगनवाडीत ‘मगन चूल’ विकसित झाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकात निर्धूर स्वयंपाकघराचा पुरस्कार केला. केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ मध्ये तो थांबवून ही जबाबदारी राज्यांकडे सोपवली. महाराष्ट्रात पुण्याच्या अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट (आरती) या संस्थेने सुधारित चुलींचा विकास व प्रसार केला.

रचना व कार्य

चुलीचे अंग माती, विटा किंवा सिमेंटचे असते. पुढे सरपण घालण्याचे तोंड, वर भांड्यासाठी मुख्य चूल व मागे वैल असतो. ज्वाळा मुख्य चुलीखालून आतल्या बोगद्याने वैलाकडे आणि तेथून धुराड्यात जातात. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. भांडी चुलीवर नीट बसली नाहीत किंवा वैल उघडा राहिला, तर ही ओढ तुटते आणि धूर घरात पसरतो. म्हणून वैलावर भांडे नसेल तेव्हा झाकण ठेवावे लागते.

धुराडे नसलेल्या घरात बसवणे

चूल बाहेरच्या भिंतीलगत असल्यास धुराड्याची नळी भिंतीतून बाहेर काढून वर नेता येते. त्यामुळे कौले हलवावी लागत नाहीत आणि मुसळधार पावसात गळतीचा धोका टळतो. नळी छपरातून न्यायची असल्यास एका कौलाच्या जागी पत्र्याची चौकट बसवून भोवतीचा सांधा जलरोधक करतात. तापलेली नळी वासे, रिपा व माळ्यावरील सरपण यांपासून दूर ठेवणे आवश्यक असते. अन्यथा आगीचा धोका संभवतो. नळीचे वरचे टोक छपराच्या वर पुरेसे उंच ठेवतात, जेणेकरून वाऱ्याने धूर उलटा आत येणार नाही. पावसासाठी त्यावर टोपी बसवतात.

किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत लोखंडी पत्र्याची नळी लवकर गंजते. अॅस्बेस्टॉस-सिमेंटची नळी गंजत नसली, तरी ती कापताना किंवा फुटल्यास निघणारे तंतू फुप्फुसांना घातक असतात. भाजलेल्या मातीच्या नळ्या हा एक पर्याय आहे. मात्र त्यांचे सांधे मजबूत करावे लागतात.

देखभाल

ओल्या सरपणामुळे नळीत काजळीचा आणि डांबरासारखा चिकट थर साचतो. त्यामुळे धुराची वाट अरुंद होते आणि साचलेला थर पेटूही शकतो. म्हणून सरपण पावसाळ्यापूर्वी वाळवून आडोशाला ठेवणे, नळी व बोगदा नियमित झाडणे आणि चुलीच्या अंगाला पडलेल्या भेगा लिंपणे आवश्यक असते.

देखभालीचे महत्त्व ओडिशातील ग्रामीण भागात झालेल्या एका दीर्घ अभ्यासातून स्पष्ट झाले. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन यांना असे आढळले, की धुराड्याच्या चुली मिळालेल्या घरांत पहिल्या वर्षी श्वासावाटे आत जाणारा धूर घटला. पुढे दुरुस्ती व नियमित वापर कमी झाल्यावर हा लाभ टिकला नाही.

मर्यादा व पर्याय

धुराड्यातून निघालेला धूर दाट वस्तीत शेजारच्या घरांत शिरू शकतो. धूर बाहेर गेला म्हणजे सरपणाची बचत होतेच असे नाही. ती चुलीच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून असते. छपराला मिळणारा धूर बंद झाल्यावर वासे-रिपांची वाळवी व बुरशीसाठी वेगळी तपासणी करावी लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे स्वयंपाकाच्या गॅसचा प्रसार वाढला. सिंधुदुर्गात झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने बायोगॅस संयंत्रांचा प्रसार केला आहे. गॅस आल्यावरही आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी किंवा भाकरी भाजण्यासाठी अनेक घरांत लाकडाची चूल चालू राहते. अशा घरांत धुराड्याची उपयुक्तता कायम असते.